गाडी बसते

१२ जानेवारी २०२५, रविवार

गाडी आज सकाळी पुन्हा मागून बसलेली. ही तिसरी खेप. काल संध्याकाळी बाजारातून आलो तेव्हा चांगली उभी होती.

एकतीस वर्षं झाशीच्या डेपोत रेल्वेच्या डब्यांखाली वाकून काढली. रिटायर झालो की कशाच्याही खाली वाकायचं नाही असं ठरवलं होतं. आज बासष्टाव्या वर्षी अंगणात चटई टाकून गाडीखाली शिरलो. बाहेर येताना जानकीला हाक मारली, हात दे म्हणून. ती खुर्चीतून उठेपर्यंत मीच उठलो.

महिन्यापूर्वी छावणीतल्या एका कर्नलसाहेबांकडून ही गाडी घेतली. मोठी, जुनी, पण निगा राखलेली. पुढे लोखंडी स्प्रिंग आणि मागे हवेच्या रबरी पिशव्या, म्हणजे एअर स्प्रिंग. पुढच्या दोन सीटांच्या मधे एक बटण आहे: वर, मधे, खाली. वीसच्या पुढे वेग गेला की गाडी आपोआप मधल्या उंचीवर येते. ‘खाली’ कशाला दिलंय ते मला कळलं नाही. त्या दिवशी आम्ही बॉनेट उघडून उभे होतो आणि मेमसाहेब जानकीला मागच्या दाराशी काहीतरी दाखवत होत्या. बायकांचं काय चाललं होतं कोण जाणे. कर्नलसाहेबांची म्हातारी आई वारली म्हणून गाडी विकली म्हणे. आई वारल्यावर गाडी विकायचं काय कारण, तेही कळलं नाही.

घेतली ती प्लॉटसाठी. ओरछ्याच्या पुढे बेतवेच्या अलीकडे जागा घेऊन ठेवलीय, तिथे दोन खोल्या बांधायच्या. डांबरी रस्ता सोडला की दीड किलोमीटर नुसता खडक. डिसेंबरात गेलो तर गाडीचं पोट दोनदा घासलं. जानकीने ‘आई गं’ म्हणून डोळे मिटून घेतले. गुरुजींनी भूमिपूजनाला ६ मार्च दिलाय. तोवर गाडी उचलायला हवी, दोन इंच तरी. आणि जी गाडी आपणहून बसते ती उचलायची कशी, हा प्रश्न.

१५ जानेवारी, बुधवार

काल मंगळवार. गणपतीच्या देवळात जाऊन आलो. आज सकाळी गाडी बसलेली.

साबणाचं पाणी करून दोन्ही पिशव्यांवर ब्रशने लावलं, नळ्यांवर लावलं, जोडांवर लावलं. एक बुडबुडा नाही. रस्त्यावर काढून जरा वेग घेतला की कॉम्प्रेसर घरघरतो आणि गाडी मुकाट्याने उठते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं: उभी असताना चोपन्न सेंटिमीटर, बसल्यावर पन्नास.

डेपोत असा डबा दिसला असता तर खडूने ‘सिक’ लिहून दुरुस्तीच्या सिक लाइनला ढकलला असता. आमचे जुने फोरमन नारायणराव सांगायचे, दोष डब्याला विचारायचा, पॅसेंजरला नाही. पॅसेंजर म्हणणार हलतंय, वाजतंय, थंडी वाजते. त्याचं ऐकत बसलं तर एक गाडी वेळेवर सुटायची नाही. ते शिकलो आणि तसंच आयुष्य काढलं.

मागच्या चाकावर खडूने ‘सिक’ लिहिलं. जानकी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, “कोण आजारी आहे?” म्हटलं, गाडी. ती आत गेली.

२१ जानेवारी, मंगळवार

कंटाळा आलाय खरं सांगायचं तर. रिटायर झाल्यावर माणूस निवांत होतो ही थाप आहे.

देवळात जानकीने सात पायऱ्या चढायला इतका वेळ लावला की आरती संपली. मी वरून म्हणालो, “आत्तापासून अशी रखडायला लागलीस तर मी घर कोणासाठी बांधतोय? रद्दच करतो.” माणसं बघायला लागली. ती कठडा धरून चढत राहिली. येताना गाडीत मागे पाय लांब करून बसली, नेहमीसारखी. पुढे बसत नाही, पाय आखडतो म्हणते. मी नुसता ड्रायव्हर.

निघताना तिचं एक ठरलेलं असतं. “तुम्ही कुलूप लावून या, मी बसते,” म्हणून किल्ली घेऊन पुढे जाते. मी गॅस बघतो, मागचं दार बघतो, कुलूप तीनदा ओढून बघतो. बाहेर येतो तर बाईसाहेब मागे बसलेल्या. परत आल्यावर सगळं उलट: “तुम्ही पिशव्या घेऊन चला, मी किल्ली आणते.” किल्ली आणायला दहा मिनिटं.

२२ जानेवारी, बुधवार

बसलेली. आता तक्ताच केलाय. गेल्या तीन आठवड्यांत गाडी बुधवारी आणि रविवारी सकाळी बसलेली सापडली. मी एकटा गॅरेजवाल्या निशांतकडे जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उभी. म्हणजे आठवड्यात दोनदाच गळते. मंगळवारी आम्ही देवळात जातो, शनिवारी भाजीला. दोन्ही फेऱ्या संध्याकाळच्या. गाव थंड पडतं, रबर आकसतं, कुठलीतरी झडप नीट मिटत नसणार. एकटा जातो तो दुपारी. हिशेब जुळतो.

२६ जानेवारी, रविवार

बसलेली. तक्ता खरा ठरला.

परागचा फोन. हा बंगळुरूला गेल्यापासून त्याचं मराठी आणखीच पातळ झालंय. म्हणाला, “बाबा, एअर स्प्रिंग ठेवा ना. नीचे स्पेसर टाका, सेंसर की काडी अ‍ॅडजस्ट करा, हो जाएगा.” त्याचं म्हणणं असं की पिशवीखाली जाड चकती बसवायची आणि उंची मोजणारी जी काडी असते तिला थोडं सरकवायचं. गाडी दोन इंच वर राहील आणि बटणही चालेल. म्हटलं, बटणाचं लोणचं घालू काय? गळकी पिशवी उचलून काय उपयोग? म्हणाला, “आई से पूछा?” गाडीच्या स्प्रिंगबद्दल आईला काय विचारायचं. हल्लीच्या पोरांना सगळ्याच गोष्टीत सगळ्यांना विचारायचं असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

निशांतचं गॅरेज ओरछा गेटाच्या बाहेर आहे. हात चांगला, बोलणं कमी. गाडी उचलून तासभर तपासली. म्हणाला, “साहब, हवा कहीं से नहीं जा रही. सिस्टम एकदम ठीक है.”

म्हटलं, “तो बैठती क्यों है?”

“कोई बिठाता होगा.”

मी हसलो. तो हसला नाही.

मग दोन रस्ते मांडले त्याने. एक परागवाला, पिशव्या ठेवून खाली चकत्या. दुसरा, पिशव्या काढून टाकायच्या आणि मागेही लोखंडी स्प्रिंगा घालायच्या, दोन इंच उंच, जाड तारेच्या. पुढच्या स्प्रिंगा दोन्हीत बदलाव्या लागतील, नाहीतर गाडी नाकावर चालल्यासारखी दिसेल. लोखंडी स्प्रिंगचा तोटा सांगितला: ओझं नसलं की उडते. “और फिर बैठेगी नहीं, साहब. कभी नहीं.”

म्हटलं, तेच तर हवंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

बसलेली.

जेवताना जानकीला सांगितलं, लोखंडी स्प्रिंगच घालतो. ती म्हणाली, “ते खालीवर करायचं बटण राहील ना?” म्हटलं, नाही, कशाला हवं? म्हणाली, “कशाला नाही. असंच.” मग म्हणाली, “किती उंच होईल?” पाच सेंटिमीटर सांगितलं. बोटं धरून पाच सेंटिमीटर केवढं ते दाखवलंही. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. कधी नव्हे ते तिने गाडीत रस घेतला, बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

झालं काम. चार दिवस गाडी निशांतकडे होती. मागे एकोणसाठ सेंटिमीटर. सकाळी एकोणसाठ, संध्याकाळी एकोणसाठ. काढलेल्या पिशव्या निशांत टाकून देत होता, मी पोत्यात भरून घरी आणल्या. रेल्वेचा माणूस काढलेला पार्ट टाकत नाही.

एकटाच प्लॉटवर जाऊन आलो. पोट कुठेही घासलं नाही. खडकावरून गाडी अशी गेली की मला उगाच भरून आलं. एवढ्या वर्षांनी एक गोष्ट ठरवल्यासारखी झाली. रिकामी असताना उडते मात्र, कंबर धरलीय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल जानकी देवळात आली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय. शनिवारी भाजीलाही ई-रिक्षाने एकटीच गेली होती, पण तेव्हा गाडी गॅरेजात होती. आता गाडी आहे तर डोकं.

गाडी उभी. मंगळवारनंतरची सकाळ आणि एकोणसाठ सेंटिमीटर. तक्त्यात ‘दोष निवारण’ लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल ती सदर बाजारला ई-रिक्षाने गेली. घरी एवढी गाडी उभी असताना. रिक्षावाला आमच्या प्रेमनगरातलाच, तिला चाची म्हणतो. मी विचारलं, हा काय प्रकार? म्हणाली, “तुमच्या गाडीत फार उडतं.” चला, एक दोष निघाला.

तिच्या कोपराला खरचटलंय. न्हाणीघरात लागलं म्हणते. म्हटलं, जरा बघून चालत जा. हल्ली सगळंच दुखतं आम्हा दोघांचं, कोणाला काय सांगायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्लॉटवर विटांची ट्रॉली उतरवून घेतली. गुरुजींनी फोनवर यादी दिली: पाच विटा पूजेच्या, नारळ, पंचरत्नं, दोन पाट. यजमान आणि यजमानीणबाई.

जानकीला यादी वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही कमरेला सुपारी लावून बसा. मी येत नाही.”

मला आधी समजलंच नाही. कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो तो बायको नसलेला माणूस. मी म्हटलं, “तू जिवंत आहेस ना अजून?”

“आहे. पण नाही जमायचं. तुम्ही उरकून घ्या.”

आठ वर्षं झाली जागा घेऊन. तेव्हा तीच म्हणाली होती, क्वार्टरांत जन्म गेला, एक घर आपलं हवं, सकाळी नदी दिसेल असं. आता माझ्याच तोंडावर सुपारी.  रात्री नीट जेवलो नाही.

१ मार्च, शनिवार

दोन दिवस अबोला. तिला घर नकोच होतं, एवढंच ना, तसं सांगायचं. मी कशाला खडकात गाडी घासत फिरलो? परागला फोन केला. तो म्हणाला, “आई ऐसे नहीं बोलती बाबा. कुछ हुआ है.” म्हटलं, काही झालेलं नाही, गाडीसुद्धा आता बसत नाही.

थकवा आलाय. पूजा रद्द करावी असंही वाटतं. पण विटा येऊन पडल्यात.

५ मार्च, बुधवार

हे सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतो.

उद्याची पूजा. सकाळी सामान भरायला घेतलं. देवघरात दोन पाट असतात, पितळी फुलांचे, माझ्या आईच्या वेळचे. एकच होता. शोधत शोधत अंगणात आलो. दुसरा गाडीमागे भिंतीला उलटा टेकवून ठेवलेला. उचलला तर खालची पट्टी तुटलेली आणि फळीला उभी चीर. पाटाच्या वरच्या बाजूला चपलेचे ठसे, धुळीचे. देवघरातल्या पाटावर चपला.

ओरडणार होतो. मग बघितलं, पाट जिथे ठेवला होता तिथून मागचं दार हातभर. पायदानाला, म्हणजे दाराखालच्या पायरीला, एक खरवड होती. पाट तिथे घासून निसटला होता. मला आठवलं ते तिचं कोपर.

तरी लगेच कळलं नाही. लिहायला लाज वाटते, पण मी आधी टेप आणली. पायदान जमिनीपासून बावन्न सेंटिमीटर. मग तक्ता काढून बसलो. मधल्या उंचीला सत्तेचाळीस असायचं. बसल्यावर त्रेचाळीस. मंगळवार, शनिवार. ‘तुम्ही कुलूप लावून या, मी बसते.’ एकटा गेलो की गळती नाही. निशांत म्हणाला होता, कोई बिठाता होगा.

जानकी स्वयंपाकघरात होती. मी तुटका पाट हातात घेऊनच गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पॅसेंजरला विचारलं, “जानकी, तुला चढता येत नाही का?”

तिने गॅस बारीक केला. म्हणाली, “नाही येत. डावा गुडघा वाकतच नाही आता. खाली घेतली की येत होतं. कर्नलसाहेबांच्या बायकोने दाखवलं होतं, त्यांच्या सासूबाईंसाठीच होतं ते.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही घर रद्द केलं असतं. देवळात म्हणालात ना सगळ्यांसमोर.”

“म्हणालो होतो.”

“म्हणून म्हटलं, तुम्ही तुमची पूजा करून घ्या. घर झालं की बघू कसं जायचं ते. रिक्षा जाईल नाहीतर.”

रिक्षा त्या खडकातून जात नाही, तिलाही माहीत आहे. मी पाट ओट्यावर ठेवला आणि तिच्याजवळ उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं ज्या माणसाने डब्यांचे दोष शोधले, त्याने घरी तीन आठवडे साबणाचं पाणी लावलं.

निशांतला फोन केला: पिशव्या परत घालायच्या, खाली चकत्या टाकून, बटणासकट. म्हणाला, कल नहीं हो पाएगा साहब, होली के बाद. मग म्हणाला, “आंटीजी ने फोन किया था महीना भर पहले. पूछ रही थीं, बटन रहेगा कि नहीं. मैंने कहा, साहब से पूछ लीजिए.”

दुपारी एकटा प्लॉटवर गेलो.

६ मार्च, गुरुवार

सकाळी गाडी उलटी घेत घेत ओट्याला लावली, फलाटाला डबा लावतात तशी. मधे चार बोटांचं अंतर. जानकी ओट्यावरून सरळ आत गेली. चढावंच लागलं नाही. शेजारच्या आभावहिनी बघत होत्या, म्हणाल्या, “अरे वा, व्हीआयपी.” जानकी म्हणाली, “स्टेशनमास्तरांची बायको आहे.” मी कधी स्टेशनमास्तर नव्हतो, पण असू दे.

खडकात हळू घेतली. तिने डोळे मिटले नाहीत.

प्लॉटवर काल दुपारी मी विटा रचून ठेवल्या होत्या. दोन-दोन विटांच्या तीन पायऱ्या आणि वर एक थर. सात थर, साडेबावन्न सेंटिमीटर. गवंड्याने विचारलं होतं, साहब, ये क्या बना रहे हो, नींव तो उधर है. म्हटलं, फलाट.

गाडी त्याला लावली. दार उघडलं. तिने आधी विटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे कधी केलंत?” म्हटलं, काल. “विटा हलणार नाहीत ना?” मी आधी स्वतः उभं राहून दोनदा उड्या मारून दाखवल्या. माझ्या कमरेचं काय झालं ते वेगळं लिहायला नको. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक एक पायरी उतरली.

गुरुजी म्हणाले, पाटावर बसा दोघं. मी म्हटलं, पाट एकच आहे. जानकी फलाटाच्या खालून दुसऱ्या पायरीवर बसली, डावा पाय लांब करून. मी तिच्या पायाशी पाटावर. गुरुजींनी एकदा बघितलं आणि मंत्र सुरू केले. सुपारी गणपतीला ठेवली.

तिथून नदी दिसते. ती म्हणाली, “खिडकी या बाजूला करा.” म्हटलं, किती उंचीवर हवी ते सांग. मग पूजेच्या मधेच तिने हात धरून दाखवली.

१८ मार्च, मंगळवार

होळीमुळे निशांतने दोन दिवस जास्त घेतले, पण पिशव्या बसल्या. मागे अठ्ठावन्न, बटण दाबलं की चोपन्न. पूर्वीपेक्षा चार सेंटिमीटर जास्तच, म्हणून निशांतने दाराखाली एक जादा पायदान वेल्ड करून दिलं. खडकात पोट घासेल का थोडं? घासेल कदाचित. दोन दगड फोडून घेऊ. गुडघ्याच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतलीय, मी बरोबर जाणार आहे.

जुना तक्ता काढला आणि जिथे जिथे ‘गळती’ लिहिलं होतं तिथे काट मारली.

संध्याकाळी देवळात निघालो. “तुम्ही कुलूप लावून या, मी बसते,” जानकी म्हणाली आणि किल्ली घेऊन गेली. मी गॅस बघितला, मागचं दार बघितलं. कुलूप एकदाच ओढलं. बाहेरून फुस्स असा आवाज आला, मग तिचा हात दारावर. गाडी पूर्ण बसेपर्यंत मी ओट्यावरच थांबलो.